आवाज आला एकदाचा

घरात एक टेस्टर, एक सोल्डरिंग आयर्न आणि कोणी काही विचारलं की ‘बघतो’ म्हणायची खोड, एवढं असलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपण होऊन दारात येतात. बहुतेक वेळा टॉवेलात गुंडाळून. रत्नागिरीत आमच्याकडे असे इतके आले की आता एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये तोंड घालतो, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो.

आमच्याकडे म्हणजे तिघांकडे. मी टेक्निकल शाळेत वायरिंग शिकवायचो, म्हणून गावभर ‘मास्तर’. दत्ता सुर्वे मिरकरवाड्यात एका बर्फाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आणि कुमुदताई शेट्ये मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. चांगला स्टिरिओ सेट विकत घेण्याची ऐपत तिघांपैकी एकाचीही नव्हती. पण सुटे भाग आणून मी जोडलेला एक अ‍ॅम्प्लिफायर होता. दत्ताने ट्रॉलरच्या केबिनमधून उरलेल्या प्लायवूडची दोन स्पीकरची खोकी केली होती. आणि कुमुदताईंकडे वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर आणि दोन ट्रंका भरून रेकॉर्डी. म्हणजे तिघं एकत्र आलो तरच सेट पुरा. रेकॉर्ड प्लेअर हलवायचा नाही अशी अट होती, म्हणून सगळं सामान त्यांच्या माजघरात मांडलं.

जोडणी केली तो पहिला शनिवार मला अजून आठवतो. रेकॉर्ड फिरतेय, सुई टेकलेली आहे, अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागलाय, आणि आवाज नाही. कान सुईजवळ नेला तर सनई मुंगीएवढी ऐकू येतेय, पण खोक्यांतून एक सूर नाही. मी मागच्या सगळ्या वायरी काढून परत लावल्या. दत्ताने खोकी उघडली, बंद केली, परत उघडली. दीड तास गेला. मी तर मनात अ‍ॅम्प्लिफायरवर पाणी सोडलं होतं. माझी सहा महिन्यांची मेहनत होती ती.

कुमुदताई इतका वेळ शांतपणे पोहे परतत होत्या. त्या ताटल्या घेऊन आल्या आणि समोरच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “विचारू का? हे एकच बटण आत दाबलेलं आहे. ते कशाला असतं?”

ते टेप लावायचं बटण होतं. ते दाबलं की रेकॉर्डचा आवाज बंद होतो, फक्त टेपचा येतो. ते मीच बसवलं होतं आणि मीच पुसताना दाबलं होतं.

मी ते बाहेर काढलं आणि घर सनईने भरून गेलं. दत्ता भिंतीला टेकून खाली बसला. “मास्तर,” तो म्हणाला, “हे बटण तुमच्या शाळेत शिकवतात काय?”

तेव्हापासून कुठेही गेलो की मी पहिल्यांदा पुढची बटणं बघतो. लोकांना वाटतं मी कौतुकाने बघतोय.

*

त्या वर्षांत आखातातून सेट यायला लागले. कर्ल्याचे मजीदभाई चार वर्षांनी घरी आले ते दोन रजयांमध्ये गुंडाळलेला एक भलामोठा सेट घेऊन. रविवारी सकाळी दहा वाजता नातेवाइकांना ऐकायला बोलावलं. मलाही निरोप होता, की मास्तरांनी एकदा जोडणी बरोबर आहे का बघून जावं.

मी पोचलो तेव्हा ओटीवर पंचवीसतरी माणसं बसली होती आणि मजीदभाई अंगणात येरझारा घालत होते. लाइट गेली होती. त्यांच्याच परसातल्या माडाची झावळी तारेवर पडली होती. लाइनमन येऊन गेला होता, शिडी आणायला परत गेला होता.

“मास्तर, चार वर्षं मी हा दिवस डोळ्यांसमोर ठेवला,” मजीदभाई म्हणाले. “आणि आज या माडाने दावा साधला. शिडी येऊ दे. लाइनमनला सांगून ठेवलंय, झावळी काढून झाली की लगेच माडच तोडायचा.”

त्यांच्या अम्मी दारात उभ्या होत्या. माड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला होता.

वेळ घालवायचा म्हणून मी बॅटरी घेऊन सेटच्या मागे गेलो. वायरी व्यवस्थित होत्या. मजीदभाईंचा हात नीटस. मग खालच्या कोपऱ्यात एक छोटी खाच दिसली, तिच्यावर बाण, आणि बाण एकशे दहावर. ते काम करत होते तिथे तेवढाच दाब असायचा. आपल्याकडे दोनशे तीस. लाइट आल्या क्षणी आतला ट्रान्सफॉर्मर जळाला असता, आणि चार वर्षांतलं ते खोकं पंचवीस पाहुण्यांसमोर धूर सोडत बसलं असतं.

“मजीदभाई, प्लग लावलाय का?”

“लावलाय की. सकाळपासून. बटणपण चालू ठेवलंय. लाइट आली की आपोआप सुरू होईल.”

मी आधी प्लग ओढून काढला. मग खिशातलं नाणं खाचेत घालून बाण दोनशे तीसवर आणला. मग मजीदभाईंना जवळ बोलावून हळू आवाजात सगळं सांगितलं. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने टिपला. आम्ही दोघं उठून उभे राहतोय तोच ओटीवरचा पंखा फिरायला लागला.

सेट सुंदर वाजला. पाहुणे खूश. दुपारी लाइनमनने जाताना विचारलं, “माड तोडायचा म्हणालेलात ना?”

“कोण म्हणालं?” मजीदभाई म्हणाले. “जुनं झाड आहे. समजून वागतं.”

अम्मींनी त्या दिवशी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

*

पेठेकाकांची गोष्ट जरा वेगळी. कोर्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. मुंबईच्या मुलाने त्यांना स्टिरिओ पाठवला होता आणि काकांनी तो पुस्तिका वाचून स्वतः जोडला होता. दोन खोकी आठ फुटांवर, मधोमध खुर्ची, टेपने माप घेऊन.

सहा महिन्यांनी ते कुमुदताईंकडे आले आणि कॅसेटींची पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. “शाळेला घ्या या. मला आता उपयोग नाही.”

“का हो काका?”

“कान गेले.”

मग सगळं बाहेर आलं. खुर्चीत बसलं की गायकाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. तबल्याचा डग्गा तर ऐकूच येत नाही. घरातले म्हणतात, छान वाजतंय. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कानात बघून सांगितलं की काही झालेलं नाही. काकांनी मनाशी ठरवलं की म्हातारपणाचं कोणी तोंडावर सांगत नाही. त्यांनी संध्याकाळी वाचनालयात जाणं सोडलं. तिथे चार माणसं बोलणार, आपल्याला ऐकू येणार नाही, आणि ते हसणार. कीर्तनाला जाणं बंद केलं. गेले दोन महिने तर ते घराबाहेर पडले नव्हते. हे सगळं त्यांनी पिशवीच्या बंदाशी चाळा करत सांगितलं.

कुमुदताई म्हणाल्या, “पिशवी राहू दे. आधी तुमच्या खुर्चीत मला बसू दे.”

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. कुमुदताई मधल्या खुर्चीत बसल्या. काकांनी त्यांची आवडती कॅसेट लावली आणि तोंड फिरवून खिडकीशी उभे राहिले. ताईंनी डोळे मिटले. अर्धं मिनिट गेलं असेल.

“काका,” त्या म्हणाल्या, “मलाही ऐकू येत नाही.”

काका वळले.

“डग्गा नाही. आणि गाणारा माणूस खोलीत कुठेच नाही. माझे कान तर अजून गेलेले नाहीत.”

दत्ता तोवर डाव्या खोक्यामागे आडवा झाला होता. स्पीकरला दोन वायरी असतात, एक लाल, एक काळी. एका खोक्याला त्या उलट लागल्या की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मधोमध बसलेल्या माणसापर्यंत पोचेपर्यंत जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. स्वयंपाकघरात बसलेल्याला काही जाणवत नाही. काकांची खुर्ची अगदी मापात मधोमध असल्यामुळे त्यांनाच सगळ्यात जास्त फटका.

दत्ताने दोन स्क्रू सैल केले, वायरी बदलल्या. “आता बघा.”

डग्गा असा घुमला की फडताळातली भांडी वाजली. गायक दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये येऊन बसला. काका खुर्चीत टेकले. त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. आम्ही तिघं इकडेतिकडे बघत राहिलो.

आतून काकू आल्या. “काय झालं?”

मी त्यांना सांगितलं, की काकांच्या कानांना काही झालेलं नाही, वायर उलटी होती, त्यांना पहिल्यापासून सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं.

काकूंनी पदराला हात पुसले.

“असं का,” त्या म्हणाल्या. “म्हणजे गेले सहा महिने मी जे जे बोलत होते, ते ऐकू येत होतं तर.”

काकांनी उपरणं परत डोळ्यांना लावलं.

*

सुईचा प्रसंग. रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली की रत्नागिरीत मिळायची नाही. शाळेचं गॅदरिंग पाच दिवसांवर आलेलं, कुमुदताईंच्या चौदा मुलींचा नाच एका जुन्या रेकॉर्डवर बसवलेला, आणि सुई तुटली. मुली रोज तालमीला येऊन नुसत्या बसून जायच्या. एका मुलीने तर घरी जाऊन घागरा परत ट्रंकेत ठेवला होता.

ताईंनी मुंबईच्या आतेभावाला तार केली. भाऊ कर्तव्यदक्ष. त्याने त्याच दिवशी सुई आणली आणि गावी येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती दिली. हा शेजारी म्हणजे एक भला माणूस, नाव गुरव. एसटीतून उतरला तो थेट ताईंच्या घरी आला, खिशात हात घातला आणि तसाच उभा राहिला.

“खेडपर्यंत होती,” तो म्हणाला.

मग हळूहळू कळलं. सुई आगपेटीत ठेवलेली होती. खेडला गाडी चहाला थांबली. गुरवांच्या शेजारच्या गृहस्थांनी विडी काढली आणि विचारलं, काडी आहे काय. गुरवांनी सवयीने खिशातली आगपेटी काढून दिली. गाडीचा हॉर्न वाजला, दोघं धावले. पेटी टपरीच्या फळीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी दत्ताने सुट्टी टाकली आणि सकाळच्या गाडीने खेड गाठलं. टपरीवाल्याला विचारलं, काल इथे एक आगपेटी राहिली काय. टपरीवाला आधी हसला. खेडच्या स्टँडवर आगपेटी शोधायला रत्नागिरीहून आलेला माणूस त्याने पहिल्यांदाच बघितला होता.

“होती एक,” तो म्हणाला. “पण तिच्यात काड्या नव्हत्या. कापसात काहीतरी मेलेलं किडूक होतं.”

“मग?”

“चुलीत टाकत होतो. तर आमची बायको म्हणाली, कापसात ठेवलाय म्हणजे कोणाचातरी ताईत असेल. जाळू नका. तिने देवाजवळ ठेवलान.”

घर टपरीच्या मागेच. बाईंनी देव्हाऱ्यातून आगपेटी काढून दिली, वर चिमूटभर अंगाराही दिला. दत्ता संध्याकाळच्या आत परत आला. सुई बसवली, चौदा मुली नाचल्या, घागरा ट्रंकेतून बाहेर आला.

पुढे आतेभाऊ सुट्टीत आला तेव्हा कुमुदताईंनी त्याला विचारलं, “तुला सुई पाठवायला आगपेटीच कशी सुचली रे?”

“अगं, एवढीशी वस्तू,” तो म्हणाला, “कुठे हरवू नये म्हणून.”

*

तोडणकरांचं घर गावाबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. आंब्याचा व्यापार, नवीन बांधलेलं जांभ्याचं घर, आणि हॉलमध्ये सेट. त्यांची तक्रार अशी, की पावसाळ्यात सेट गुणी असतो आणि मार्च उजाडला की गुरगुरायला लागतो. मे महिन्यात तर गाण्यापेक्षा गुरगुर मोठी. तोडणकरांच्या आईंचं म्हणणं होतं, की पेटीला पाऊस कळतो, ती पाऊस मागते.

आम्ही उद्या-परवा करत होतो. पण एक दिवस सूनबाई ओल्या फडक्याने सेट पुसायला गेल्या आणि त्यांना झटका बसला. हात उडून मागे आपटला. फार लागलं नाही, पण दोन वर्षांचं पोर त्याच सेटला धरून उभं राहायला शिकत होतं. तोडणकर स्वतः स्कूटरवरून दत्ताला न्यायला आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

दत्ताने एक सदोष वायर शोधून बदलली, पण तेवढ्यावर थांबला नाही. घराबाहेर गेला आणि अर्थिंगचा पाइप बघितला. जांभ्याच्या कातळात खड्डा करून पाइप पुरलेला. उन्हाळ्यात तो कातळ इतका कोरडा होतो, की पाइप जमिनीत असून नसल्यासारखा. त्याने विजेची तार आणि तो पाइप यांच्यामध्ये एक दिवा जोडून दाखवला. दिवा नुसता लाल झाला. मग खड्डा मोठा केला, कोळसा आणि मीठ भरलं, चार कळश्या पाणी ओतलं. दिवा लख्ख लागला. आत सेट गप्प. सूनबाईंनी पोराला कडेवर घेतलं होतं, ते त्यांनी त्या दिवसात पहिल्यांदा खाली सोडलं.

“पाऊस लागेपर्यंत रोज एक कळशी पाणी घालायचं,” दत्ताने बजावलं. “चुकवायचं नाही.”

“मी घालेन,” आई म्हणाल्या. “तुळशीला घालते, तशी यालाही.”

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सहज डोकावलो. सेट शांत. बाहेर पाइपकडे गेलो तर पाइपला हळदकुंकू, आणि पायथ्याशी नारळ.

दत्ता म्हणाला, “आई, हे काय?”

“मी नाय हो ठेवलेला. ही शेजारीण रोज बघते मी आंघोळ करून पाणी घालताना. मी सांगितलं तिला, वीज आहे, देव नाय. तर म्हणते कशी, विजेपेक्षा मोठा देव कोणता. तिच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. ठेवलान तिने नारळ.”

“मग?”

“जमलं ना,” त्या म्हणाल्या. “आता मीपण कधी चुकवत नाय.”

*

आता हा शेवटचा.

राजापूरच्या वाटेवर तासाभराच्या अंतरावर एका वाडीत पाष्ट्यांचं घर होतं. अनंत पाष्टे आखातात वेल्डर. मागच्या खेपेला आला तेव्हा दोन सुट्या स्पीकरांचा सेट घेऊन आला होता आणि मी आणि दत्ताने तो ओटीवर मांडून दिला होता. घरात त्याची म्हातारी आई आणि बायको जयवंती. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून अनंता पत्र लिहायचा नाही, कॅसेट भरून पाठवायचा. कोणी गावी येणारा असला की त्याच्याबरोबर. मग ओटीवर दोन्ही खोक्यांतून मुलगा बोलायचा आणि म्हातारी मध्ये बसून त्याला उत्तरं द्यायची. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर म्हातारी आजारी पडली. ताप गेला, पण जेवण गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही उरलेलं नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे. म्हातारी दोन घास खाऊन ताट सरकवायची. “शिमग्याला अनंता येतो, तवा जेवेन,” एवढंच म्हणायची. दर दोन वर्षांनी तो शिमग्याला यायचा आणि पालखीला खांदा द्यायचा. ते वर्ष त्याच्या येण्याचं होतं.

शिमग्याला महिना असताना, एका शनिवारी दुपारी जयवंती कुमुदताईंच्या घरी आली. आम्ही शनिवारी तिथेच असतो हे तिला माहीत होतं. रुमालातून तिने एक कॅसेट काढली.

“मशीनने टेप खाल्लंन,” ती म्हणाली. “जोडून मिळेल काय?”

“आईंनी ऐकली का ही?” कुमुदताईंनी विचारलं.

“नाय अजून. मी आधी लावून बघितली. आल्यापासून विचारतायत, अनंताची कॅसेट कधी लावतेस.”

मी कॅसेटचे पाच स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. दत्ता वाकून बघत होता. मशीन टेप खातं तेव्हा ती चुरगळते, ताणली जाते, दोऱ्यासारखी बारीक होते. अशा शंभर तरी आम्ही जोडल्या असतील. ही टेप गुळगुळीत होती. मध्ये तुटलेली, आणि दोन्ही टोकं सरळ, कोपरे काटकोनात.

दत्ताने माझ्याकडे बघितलं.

“मधला तुकडा आणलात काय, वहिनी?” मी विचारलं.

“नाय,” जयवंती म्हणाली. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. “तो चुलीत गेला.”

मी दोन टोकं एकमेकांना भिडवली, मागून चिकटपट्टी लावली, कडा ब्लेडने साफ केल्या, झाकण बसवलं. नेहमीचं दहा मिनिटांचं काम.

“वाजवून बघा,” ती म्हणाली.

कुमुदताईंनी लावली. अनंताचा आवाज आला. “आये, तू जेवतेस ना? मला कळलं तू जेवत नायस. असं करू नको. औषध वेळेवर घे. शिमग्याला मी...” आणि लगेच पुढे, “जयवंती, गोठ्याचं छप्पर शाकारून घे. पाड्याला बघ.”

जयवंती पुढे सरकली. “कळत नाय ना?”

“काय?”

“जोडलेलं.”

कुमुदताईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या कानाला ते कळलं नसेल असं होणारच नव्हतं. “नाही हो,” त्या म्हणाल्या. “मुळीच कळत नाही.”

जयवंतीने कॅसेट रुमालात बांधली, चहा अर्धा ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. त्या शनिवारी आम्ही रेकॉर्ड लावली नाही. दत्ता एकदाच म्हणाला, “शिमग्याला काय होईल ओ, मास्तर?” तो महिना मला वाईट गेला. आपण एका म्हातारीला फसवायला हातभार लावला, असं सारखं मनात यायचं. शाळेत मुलांना सोल्डरिंग दाखवतानासुद्धा ती सरळ टोकं डोळ्यांसमोर यायची.

शिमगा झाला. कोणाकडून काही कळलं नाही. विचारायला जायचा धीर आम्हां तिघांनाही झाला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी कुमुदताईंच्या दारात अनंता पाष्टे उभा. मागे जयवंती. हातात खजुराचा डबा आणि कोऱ्या कॅसेटींचं पुडकं. आम्ही तिघं उठून उभेच राहिलो. दत्ताने तर त्याच्या दंडाला हात लावून बघितला.

“आई कशी आहे?” कुमुदताईंनी विचारलं.

“एकदम बरी,” अनंता म्हणाला. “आल्यावर कळलं, महिनाभर दोन वेळा जेवतेय. पालखी दारात आली तर चालत अंगणात आली, माझ्या हाताने नारळ दिलान.”

कुमुदताई आत पाणी आणायला गेल्या आणि जरा उशिराने आल्या. आम्ही सगळे बसलो. अनंता हसत होता, पण कपाळावर आठी होती.

“पण मास्तर, मला एक कळत नाय,” तो म्हणाला. “मला रजा नव्हतीच. आयत्या वेळी दुसऱ्या माणसाचं जाणं रद्द झालं म्हणून मला सोडलं. तार करायलाही सवड नव्हती. वाटलं, आयेला एकदम बघून धक्का बसेल. तर आये ओटीवर बसलेली. मला बघून म्हणते, उशीर केलास, कालपासून वाट बघतेय. मी कॅसेटमध्ये स्पष्ट सांगितलेलं, की शिमग्याला मी येत नाय.”

मी दत्ताकडे बघितलं, दत्ताने कुमुदताईंकडे.

जयवंती खजुराच्या डब्याचं झाकण उघडत होती. तिने ते नीट उघडलं, बाजूला ठेवलं आणि डबा कुमुदताईंच्या पुढे केला.

“तेवढंच मशीनने खाल्लंन,” ती म्हणाली.